पहिली बॅच

“तू पहिल्या बॅचला, मी दुसऱ्या,” सानिया म्हणाली आणि मी तिला कमरेला धरून उचललंच.

“अगं सोड! पडीन मी!”

“पड की मग. पहिल्या बॅचला? खरं सांगतेस?”

“खोटं कशाला सांगू? चालेल ना तुला?”

“चालेल? पळेल!”

आता हसू नका, आधी ऐका. खो-खो शाळेत तुम्ही सगळ्यांनीच खेळलाय. पळणारे नऊच्या नऊ एकदम उतरत नाहीत ना, तीन-तीन उतरतात, त्याला बॅच म्हणतात. पहिल्या बॅचला टीममधल्या सगळ्यात भारी तिघी, कारण समोरच्या तेव्हा एकदम ताज्या असतात, अंगावरच येतात. आणि मी दीड वर्षं तिसऱ्या बॅचला. तिसऱ्या बॅचचा कधी कधी नंबरच लागत नाही, नऊ मिनिटं संपून जातात आणि आपण आपलं बाहेर बसून टाळ्या वाजवायच्या. आणि इथं सेमीफायनलच्या आदल्या संध्याकाळी कॅप्टन स्वतः येऊन म्हणतेय, तू पहिल्या बॅचला. तिच्या एका हातात टीमचा कागद आणि पेन्सिल, दुसऱ्या हातात मोबाईल. मी खाली ठेवल्यावर ती एक सेकंद माझ्याकडं बघत राहिली, काहीतरी बोलणार होती, मग “बरं” म्हणाली आणि कागद घेऊन बाहेर गेली. मी कशाला लक्ष देतेय? मी मोजे वाळत घातले होते ते चाचपायला पळाले.

आता दुसरी गोष्ट, ती पण नीट ऐका, कारण सगळी भानगड तिथंच आहे. मी आणि सानिया दोघी कराडला बी.फार्मच्या सेकंड इयरला. रोल नंबर बावीस मोहिते केतकी, रोल नंबर तेवीस मुलाणी सानिया. सेमीफायनल शनिवारी सकाळी साडेआठला इस्लामपूरला, म्हणून शुक्रवारपासून तिथल्या एका शाळेत बाकं सरकवून आमचा मुक्काम. आणि त्याच शनिवारी कराडला ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचं फायनल प्रॅक्टिकल. अर्धा वर्ग सकाळी, अर्धा दुपारी. आम्ही पंधरा दिवस इंगवले मॅडमच्या मागं मागं फिरलो तेव्हा त्यांनी आम्हा दोघींना दुपारच्यात टाकलं. “दोनला दारात दिसला नाहीत तर मी तुम्हाला ओळखत नाही,” म्हणाल्या. म्हणजे सकाळी मॅच, साडेदहाची एसटी, दुपारी परीक्षा. सगळं मस्त बसवलेलं.

आणि बसवायलाच लागणार होतं. आमच्या दोघींचे मागचे विषय इतके राहिले होते की अजून एक गेला की वायडी. इयर डाऊन. अख्खं वर्ष मागं, सगळा वर्ग थर्ड इयरला आणि आपण खाली एकट्या. पहाटे साडेपाचला ग्राउंड, नऊ ते पाच कॉलेज, परत सहाला ग्राउंड, आणि जर्नल लिहायचं कधी तर मेसच्या रांगेत उभं राहून. माझ्या जर्नलवर आमटीचे डाग होते, खोटं नाही सांगत. पप्पांनी फोनवर एकदाच सांगितलं होतं, तेही आवाज न चढवता, “वर्ष गेलं तर केतकी, बूट इकडं घेऊन यायचे.” बस. तेवढंच. मला त्यांच्या ओरडण्याची इतकी भीती नाही वाटत जितकी त्या वाक्याची वाटायची.

तर शनिवार. सात वाजता घोरपडे सर, म्हणजे आमचे कोच, कागद घेऊन उभे. “पहिली बॅच: मोहिते, पाटोळे, शिर्के.” माझं नाव पहिलं! पाटोळे माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, “काय मॅडम, बढती?” मी म्हटलं, “आज तीन मिनिटं काढते, बघच.” सानिया शेजारीच बूट घालत होती. एका बुटाची लेस तिनं दोनदा बांधली, सोडली, परत बांधली.

टॉस हरलो. म्हणजे आधी आम्ही पळणार, म्हणजे पहिल्याच मिनिटाला मी मैदानात. मी गुडघ्याची कॅप दोनदा वर ओढली. समोरच्या नऊजणी येऊन उभ्या राहिल्या. पंच घड्याळ बघत होते. मी रेघेवर आले आणि सानियानं मागून माझं मनगट धरलं.

“केतकी, थांब.”

“काय गं, आत्ता?”

“तुझी परीक्षा आहे.”

“माहितीये की. दोनला.”

“दोनला माझी. तुझी साडेनऊला.” ती इतकी हळू बोलत होती की मला तिच्या तोंडाकडं बघायला लागलं. “मॅडमचा काल फोन आला होता. बाहेरून जे परीक्षक आलेत ना, ते म्हणाले मला असली बसवाबसवी चालत नाही, रोल नंबरनंच करा. एक ते बावीस सकाळी. तेवीसपासून दुपारी. काल सांगितलं की तुला. तू पहिल्या बॅचला.”

आता कळलं ना तुम्हाला? प्रॅक्टिकलच्या त्या गटांना पण बॅचच म्हणतात हो!

“ती बॅच?” मी म्हटलं.

“ती बॅच.”

आणि रेघ बरोबर आमच्या दोघींच्या मधून गेली होती, बावीस आणि तेवीस. मला वर्गातल्यांचे मेसेज का नाही दिसले म्हणाल तर स्पर्धेला आलो की सर सगळ्यांचे मोबाईल एका कापडी पिशवीत जमा करायचे, फक्त कॅप्टनचा बाहेर.

“मोहिते! आत जा, शिट्टी होतेय!” सर ओरडले.

“सर, तिचं प्रॅक्टिकल आहे,” सानिया म्हणाली. “साडेनऊला. कराडला.”

सरांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडं बघितलं, सानियाकडं बघितलं. “आणि हे आत्ता सांगता? आठ पंचवीसला?” मग त्यांनी खांद्यावरची पिशवीच माझ्यापुढं उलटी केली. “तुझा मोबाईल घे आणि पळ. अगं बघतेस काय, पळ!”

मी पळाले. मागं शिट्टी झाली तेव्हा मी फाटकातनं बाहेर पडत होते.

स्टँडवर कराडची गाडी समोरून गेली, अगदी समोरून, मी हात करत मागं धावले तर कंडक्टरनं पण हात केला, त्याला वाटलं टाटा करतेय. मग वडाप. काळी-पिवळी जीप, आत सहा माणसं, ड्रायव्हर बाहेर तंबाखू मळत.

“मामा, चला ना.”

“अजून दोन शिटा. लगीच हलवतो.”

“मामा, माझी परीक्षा आहे साडेनऊला!”

त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. गुडघ्याला कॅप, छातीवर सात नंबर. “कसली परीक्षा? पळायची?”

अख्खी जीप हसली. मला रडू यायला लागलं. शेवटी मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या एक मावशी त्याच्यावर खेकसल्या, “आरं हलीव की! पोरीचं त्वांड बघ कसं झालंय. दोन शिटा पेठ नाक्यावर घे.” तेव्हा कुठं हलला. पेठ नाक्याला घेतल्याच त्यानं, दोन नाही, चार. मी मेथीच्या पाटीवर अर्धी आणि एका आजोबांच्या गुडघ्यावर अर्धी. नेर्ल्याला थांबला. कासेगावला थांबला. मी दर दोन मिनिटांनी मोबाईल बघत होते, आठ एकोणपन्नास, आठ एक्कावन्न, वर्गाच्या ग्रुपवर मेसेजवर मेसेज, “मोहिते कुठाय?” “मोहिते मॅचला मेली वाटतं.” अर्धा तास उशीर चालतो, त्याच्या पुढं गैरहजर. गैरहजर म्हणजे नापास. मी मनात एवढंच मोजत होते, दहा, दहा, दहाच्या आत.

आणि कासेगाव सोडल्यावर, कसं सुचलं माहीत नाही, मला सकाळचे घोरपडे सर दिसले, कागद वाचताना. पहिली बॅच: मोहिते.

म्हणजे कागदावर माझं नाव होतं पहिल्या बॅचला. पेन्सिलनं लिहिलेलं. सानिया जर परीक्षेचं सांगत होती, तर मग तिथं माझं नाव लिहिलं कुणी?

मालखेडला जीप परत थांबली आणि मी विचार करायचा सोडून दिला, कारण नऊ तेवीस झाले होते आणि एक बाई शेळी आत घेता का विचारत होती.

लॅबच्या दारात पोचले तेव्हा नऊ छप्पन्न. मध्ये एकदा वडाप डिझेलला थांबलं, एकदा मी चुकीच्या जिन्यानं वर गेले, ते सोडा. इंगवले मॅडम दारातच उभ्या. त्यांनी स्वतःचा जादाचा ॲप्रन माझ्या अंगावर टाकला, तो माझ्या पोटऱ्यांपर्यंत आला, आणि मला आत ढकललं. बाहेरून आलेले परीक्षक, कुंभोजकर म्हणून, खुर्चीत बसले होते. ते घड्याळ बघून म्हणाले, “चार मिनिटं शिल्लक होती तुमची.” बास, परीक्षा सुरू.

चिठ्ठी उचलली तर ॲस्पिरिन. तुम्ही डोकं दुखलं की गिळता ती गोळी, तीच बनवायची. एक पांढरी पावडर असते, त्यात एक डोळ्यांत पाणी आणणारं ॲसिडसारखं द्रव घालायचं, गरम करायचं, बर्फाच्या पाण्यात ओतायचं, की तळाला पांढरे खडे बसतात. ते गाळायचे, वाळवायचे, वजन करायचं. खडे आले तर मार्क. नाही आले तर बाकी कितीही बोला.

माझे खडे आलेच नाहीत.

बर्फात ठेवलं, काचेच्या कांडीनं घासलं, फुंकर मारली, देवाचं नाव घेतलं. पाणी आपलं पाणीच. अकरा वाजून गेलेले. मी कांडी इतक्या जोरात घासत होते की काच वाजायची आणि कुंभोजकर सर मान वर करून बघायचे. मग माझ्या लक्षात आलं, पलीकडच्या ओट्यावरच्या सगळ्यांना खडे आलेत आणि आमच्या बाजूच्या दोघी-तिघी माझ्यासारख्याच बर्फाकडं बघत बसल्यात. त्या द्रवाच्या बाटल्या दोन होत्या. आम्ही खिडकीजवळची घेतली होती. झाकण नीट लागत नव्हतं तिचं, कधीची उघडी असेल कुणास ठाऊक, खराब झालेली. दुसरी बाटली सिंकच्या बाजूला. मी कुणाला काही म्हटलं नाही. उशिरा आलेली मी, वर तक्रार करणार? गुपचूप उठले, सिंकजवळच्या बाटलीतनं घेतलं आणि पहिल्यापासून सगळं परत केलं.

एक वाजता तळाला बर्फासारखे पांढरे खडे बसले. मला त्यांच्याइतकं सुंदर काही त्या वर्षात दिसलं नाही.

दीड वाजता बाहेर आले तर सानिया कॉरिडॉरमध्ये, भिंतीला टेकून. अंगावर मॅचचेच कपडे, कोपर सोललेलं, त्यावर माती तशीच. माझ्याकडं बघून आधी म्हणाली, “पोचलीस?”

“नऊ छप्पन्न.”

तिनं डोळेच मिटले. “या अल्ला. बरं झालं.”

“मॅच?”

“एका गुणानं गेली. तुझ्या जागी मी उतरले. बावन्न सेकंदांत आऊट.”

मी आधी काय बोलायला पाहिजे होतं माहीत नाही. मी म्हटलं, “सानिया, सरांच्या कागदावर माझं नाव पहिल्या बॅचला कसं होतं?”

तिनं उडवाउडवी केली असती ना, तर सोपं गेलं असतं मला. ती सरळ म्हणाली, “मी लिहिलं.”

“कधी?”

“तू उचललंस ना मला. त्याच्यानंतर.” ती कोपराची माती नखानं काढत होती. “तुला वेगळंच वाटलंय हे मला तेव्हाच कळलं होतं, केतकी. सांगणारच होते. म्हटलं जेवताना सांगू. मग म्हटलं सकाळी सांगू, साडेसातच्या एसटीत बसवू. मग सकाळी तू म्हणालीस तीन मिनिटं काढते. शिर्केचा पाय सुजलेला, ती कितीशी टिकणार, तुला माहितीये. तुझ्याशिवाय कोण पळणार होतं? म्हटलं पहिलं पळून होऊ दे, पावणेनऊला सांगू, सरांच्या ओळखीनं गाडी बघू, पोचेल ती.”

“आणि नसते पोचले तर?”

“म्हणून तर सांगितलं ना.”

“आठ पंचवीसला.”

“हो,” ती म्हणाली. “आठ पंचवीसला.”

माफी बिफी काही नाही. नळाखाली कोपर धुतलं, पिशवीतनं ॲप्रन काढला, घातला. बटणं लावताना एक घर चुकलं, परत पहिल्यापासून लावली. तिचा अभ्यास माझ्याइतकाच, म्हणजे शून्य. तिचे राहिलेले विषय माझ्याइतकेच.

आता प्रॅक्टिकलची एक रीत असते, सगळ्या कॉलेजात असते. सकाळची बॅच बाहेर आली की दुपारच्या बॅचवाले गराडा घालतात. काय आलं, काय विचारतायत, सर कसेत. आणि सकाळवाले सांगतात. शत्रूला पण सांगतात. मार्क कमी पडू देत नाही कुणी कुणाचे.

“काय आलं?” सानियानं विचारलं.

“ॲस्पिरिन.”

“सगळ्यांना?”

“जवळपास.”

“तोंडी काय विचारतात?”

“मेल्टिंग पॉइंट. एकशे पस्तीस. उपयोग विचारतात. बास.”

“अजून काही?”

खिडकीजवळची बाटली घेऊ नको. किती शब्द झाले? चार. माझ्या जिभेवर होते. मी तिच्या कोपराकडं बघत होते, पाण्यानं धुतल्यावर ते अजून लाल दिसत होतं, आणि माझ्या डोक्यात ती जीप, तो ड्रायव्हर, “कसली परीक्षा, पळायची?”, अख्खी जीप हसलेली.

“नाही,” मी म्हटलं. “सोपं आहे.”

“बघ हां,” म्हणाली आणि आत गेली. जाताना तिनं माझा खांदा दाबला.

मी मेसमध्ये गेले. दोनदा भात घेतला. खोटं वाटेल, पण जेवले मी. खोलीवर जाऊन आडवी पडले आणि छताकडं बघत स्वतःला सांगत राहिले, तिला काय, तिला कदाचित सिंकजवळचीच मिळेल. निम्म्यांना तीच मिळते. पावणेचारला उठले आणि पळत लॅबखाली गेले. वर जाता येत नव्हतं, जिन्यात शिपाई बसवलेला. मी म्हटलं, “काका, एक मिनिट, आत मैत्रिणीला काहीतरी द्यायचंय.” “काय द्यायचंय?” काय सांगणार? मी खालनं खिडकी बघत राहिले. वर काचेत कुणाचा तरी ॲप्रन दिसायचा, खिडकीशी यायचा, जायचा. तिचाच की दुसऱ्या कुणाचा, कळायचं नाही. दोन तास मी तिथं उभी. सकाळी जीपमध्ये बघितला नव्हता इतक्यांदा मोबाईल बघितला.

सहाला ती उतरली. “खडेच बसेनात गं नीट,” म्हणाली. “चिमूटभर आले. तोंडी बरं झालं. होईल ना?”

“होईल,” मी म्हटलं.

अडीच महिन्यांनी निकाल लागला. मी काठावर सुटले. ती चार मार्कांनी गेली. चार. वायडी.

बोर्डासमोर ती बराच वेळ बोटानं तेवीस नंबरची ओळ धरून उभी होती, जशी काय बोट काढलं तर आकडा अजून कमी होईल. मग माझ्याकडं वळली. “एक बाटली खराब होती म्हणे, खिडकीजवळची. नंतर पोरी बोलत होत्या. मी तीच घेतली, बघ माझं नशीब. तुला कुठली आली होती?”

“दुसरी,” मी म्हटलं.

“बरं झालं,” सानिया म्हणाली. “निदान तुझं तरी झालं.” आणि बॅग उचलून ग्राउंडकडं निघाली. प्रॅक्टिसची वेळ झाली होती. थोडं पुढं जाऊन मागं वळून म्हणाली, “येतेस ना?”

“आलेच,” म्हटलं मी.

गेले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. आठवड्यानं घोरपडे सरांनी मला कॅन्टीनमध्ये गाठलं. “काय मोहिते? ग्राउंडचा रस्ता विसरलीस?”

“अभ्यास आणि खेळ दोन्ही नाही झेपत, सर.”

मला वाटलं ओरडतील. ते समोरच्या खुर्चीत बसले, चहाचा कप माझ्याकडं सरकवला आणि मान हलवत म्हणाले, “बरोबर आहे बाई तुझं. बघितलंस ना सानियाचं काय झालं.”